दिवाळीतली १०८ आणि ११२ सेवा : सातारा जिल्ह्यापुरता अभिप्राय

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मोती चौकापासून राजवाड्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीच्या कडेला बॅरिकेड धरून उभ्या असलेल्या महिला पोलीस आणि १०८ च्या गाडीत बसलेले डॉक्टर व पायलट (चालकाला तिथे पायलटच म्हणतात), यांच्याही घरी त्याच वेळी पाट मांडलेला असतो. त्यांच्या सेवेला गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला, ते पुढे येईलच.

आधी १०८. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पूर्ण मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची, कारण उपचार दवाखान्याच्या दारात नाही, तुमच्या दारात सुरू होतात. साध्या गाडीत ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून काढायचं यंत्र), हाडाला आधार द्यायच्या पट्ट्या आणि स्ट्रेचर असतं. मोठ्या गाडीत त्याशिवाय व्हेंटिलेटर आणि हृदयाला शॉक देण्याचं यंत्र. कोणती गाडी पाठवायची ते तुमच्या उत्तरांवर ठरतं. म्हणून ‘लवकर या’ एवढंच ओरडू नका. शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का, रक्त किती जातंय, वय काय, हे चार प्रश्न विचारणारा माणूस वेळ काढत नसतो, गाडी निवडत असतो.

गाडी येईपर्यंतचं काम आपलं. भुईनळ्याने हात भाजला तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद तर नकोच. आत गेलेली हळद काढताना डॉक्टरांचा वेळ जातो आणि रुग्णाचा जीव. सूज चढायच्या आत अंगठी, बांगड्या काढा, पण कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. डोळ्यात फटाक्याचा तुकडा घुसला असेल तर चोळू नका, दाबू नका. कागदी कप उलटा ठेवून वरून हलकी चिकटपट्टी लावा.

आता ११२, म्हणजे पोलिसांना बोलवायचा आपत्कालीन नंबर, आणि तो कापलेला अर्धा गुण. हा फोन साताऱ्यात घेतला जात नाही. तो नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून माहिती जिल्ह्याला आणि पुढे पोलिसांच्या गाडीतल्या स्क्रीनवर येते. व्यवस्था चांगलीच आहे, पण फोन उचलणाऱ्याला आपला पोवई नाका ठाऊक असायचं कारण नाही, आणि नांदगाव तर महाराष्ट्रात जागोजाग आहेत. टॉवरवरून कळणारं ठिकाणही ढोबळच. त्यामुळे आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, शेवटी देऊळ, शाळा किंवा पंप, या क्रमानेच सांगा. फोन झाल्यावर तो मोकळा ठेवा. गाडीतले पोलीस त्याच नंबरवर उलट फोन करतात आणि नेमके तेव्हा आपण मामा-काकांना बातमी देत असतो. वेळ इथेही वाया जातो.

महामार्गावर दिशा सांगणं फार महत्त्वाचं. खंबाटकीत पुण्याकडून येणारी आणि साताऱ्याकडून जाणारी वाहनं वेगवेगळ्या वाटांनी निघतात, कुणी घाटाने, कुणी बोगद्यातून. ‘खंबाटकीत अपघात’ एवढंच कळलं आणि गाडी चुकीच्या बाजूला गेली, तर तिला डोंगराला वळसा घालून परत यावं लागतं. ‘घाटात, पुण्याहून साताऱ्याकडे’ असं सांगा, जमल्यास किलोमीटरच्या दगडावरचा आकडाही. दिवाळीत गावाकडे निघालेल्या गाड्या चढावर तापून बंद पडतात, कोंडी होते आणि महामार्ग पोलीस एकेक गाडी ढकलून कडेला घेतात. बाजूच्या पट्टीतून आपली गाडी पुढे काढू नका, रुग्णवाहिकेला तेवढीच वाट उरलेली असते.

जखमीला मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ आणि त्याखालच्या नियमांनुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही.

आणि आभार? फराळाचा डबा जरूर द्या, पण ऐन गर्दीत नाही. पाळी बदलताना चौकीवर नेऊन द्या. तुपाचा लाडू हातात चिकटतो आणि हात धुवायला पाणी नसतं. चिवड्याची बंद पुडी, चकली आणि पाण्याची बाटली बरी. फोटोसाठी जागेवरून हलवू नका. राजपथावरच्या दुकानदारांनी बंदोबस्तावरच्या महिला पोलिसांना दुकानातलं स्वच्छतागृह वापरू दिलं, तर मिठाईच्या दहा पुड्यांपेक्षा ते मोठं. तासन्‌तास उभं राहावं लागतं म्हणून त्या पाणीच कमी पितात, हे निदान आपल्या लक्षात यायला हवं.

काम चांगलं झालं असेल तर लेखी कळवा. पोलिसांबद्दल पोलीस अधीक्षक कार्यालयाला, १०८ बद्दल जिल्हा शल्यचिकित्सकांना. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा. एवढ्यावरून त्या रात्री गाडीत कोण होतं ते शोधता येतं. नुसतं ‘छान मदत केली’ लिहिलं, तर ते पत्र कोणाच्या नावावर जमा करायचं?