बी/सी कॅटेगरीचे बूट आणि आल्प्समधला एक उन्हाळा: सात महिन्यांनंतर

मार्चमध्ये बर्नमधल्या एका दुकानातून हे बूट घेतले. आता ऑक्टोबर संपत आला आहे. मधल्या काळात एकूण तेवीस दिवस ते पायात होते, म्हणून आता बोलायला हरकत नाही. बूट उत्तम आहेत. पण मला लागतात त्यापेक्षा जास्तच उत्तम आहेत, आणि तो जास्तीचा उत्तमपणा मी पायाच्या बोटांनी फेडला आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. माझी तक्रार बुटांच्या जातीबद्दल आहे, आणि त्या जातीचे बूट पाच-सहा कंपन्या जवळजवळ सारखेच बनवतात. जर्मनीतल्या माइंडल कंपनीने ए ते डी अशी एक वर्गवारी रूढ केली आणि आता इकडचे सगळे दुकानदार त्याच भाषेत बोलतात. ए म्हणजे सपाट वाटेवर चालायचे मऊ बूट. बी म्हणजे पाठीवर सॅक घेऊन डोंगरात हिंडायचे. सी म्हणजे क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते) लावून बर्फावर जायचे, आणि डी हे गोठलेले धबधबे चढणाऱ्या वेड्यांसाठी. माझे बी/सी, म्हणजे मधले. तळ जवळजवळ लाकडासारखा ताठ, टाचेमागे क्रॅम्पॉनची पकड बसावी म्हणून कडा, जाड चामडं, घोट्याच्या वर गळपट्टा. जोडीचं वजन साधारण १७०० ग्रॅम. किंमत ३८० फ्रँक, रुपयांत चाळीस हजारांच्या आसपास. हा आकडा मी आईला अजून सांगितलेला नाही.

चूक दुकानातच झाली. विक्रेत्याने विचारलं, ग्लेशियरवर जाणार का? मी ताठ मानेने हो म्हटलं. "किती दिवस?" हा प्रश्न त्याने विचारला नाही आणि माझ्याही डोक्यात आला नाही. उत्तर होतं दोन. तेवीसपैकी दोन.

मी मूळची नाशिकची. अंजनेरी, हरिहर, कळसूबाई, रतनगड हे सगळं ॲक्शनच्या बुटांवर केलेलं. दुकानातून घ्यायचे, त्याच शनिवारी रात्री घालून निघायचं, दोन पावसाळ्यांत फाडायचे, पुन्हा तेच घ्यायचे. ह्या बुटांना हा खाक्या चालत नाही. चामडं पायाला सरावायला मला दीड महिना लागला. घरात भांडी घासताना घातले, भाजी आणायला घातले, ऑफिसच्या जिन्यावर घातले. माझा चवडा रुंद आहे आणि इथले साचे बहुतेक अरुंद, त्यामुळे करंगळीजवळ फोड ठरलेला. घेताना दोन गोष्टी बरोबर केल्या: दुपारनंतर गेले, कारण तोवर पाय थोडे सुजतात, आणि दुकानातल्या उतरत्या फळीवर दहा मिनिटं चालून पाहिलं. चढताना सगळेच बूट बरे वाटतात, खरी परीक्षा उतरताना.

जूनमध्ये आई-बाबा आले. पहिली सहल ओशिनेन तलाव. बर्नहून कांडरश्टेगला गाडीने तासाभराचा रस्ता, मग रोपवेचा पाळणा, मग रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. तलाव १५७८ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम ७० मीटर खाली, आणि तिथे लोक होड्या वल्हवत असतात. दरड कोसळून अडलेलं हे पाणी. वरून कुठे बाहेर पडताना दिसत नाही, जमिनीतूनच झिरपून जातं. बाबा अर्धा तास काठाने सांडवा शोधत फिरले. पाटबंधारे खात्यात नोकरी झाल्याचा परिणाम.

आईच्या पायात नाशिक रोडला घेतलेले साधे चालायचे बूट होते. माझ्या पायात चाळीस हजार. दिवसअखेर तिच्या पायांना काही झालं नव्हतं आणि मी पाळण्यात बसून सॉक्स उतरवत होते. "कसले गं हे, मिलिटरीचे?" एवढंच ती म्हणाली. पिवळ्या पाट्यांच्या वाटेवर असले बूट घालणं म्हणजे दुधाच्या पिशवीला ट्रक घेऊन जाणं. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी पाटी म्हणजे कुणीही चालावं अशी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, आणि पांढरा-निळा-पांढरा म्हणजे हात लावून चढावं लागेल किंवा बर्फ ओलांडावा लागेल अशी. बूट घेण्याआधी आपण ह्यातल्या कुठल्या रंगावर जास्त चालतो हे मोजलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

जुलैत ब्ल्यूमलिसाल्पची हट, म्हणजे डोंगरातला मुक्कामाचा निवारा, केली. कीनटालमधून पोस्टाची पिवळी बस ग्रीसआल्पला चढते. रस्त्याचा चढ काही ठिकाणी २८ टक्के, वळणावर ड्रायव्हर बस मागे-पुढे करून बसवतो. ग्रीसआल्प १४०० मीटरवर, हट २८४० वर, तेव्हा एका दिवसात साडेचौदाशे मीटर चढ. सुरुवातीला कुरणं, गाईंच्या घंटा, मार्मोटांच्या (खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी) शिट्ट्या. मग झाडं-गवत संपतं आणि काळा, भुसभुशीत, पायाखालून सरकणारा घसारा लागतो. आपल्याकडच्या घसाऱ्यापेक्षा ह्याची तऱ्हा वेगळी: पत्र्यासारखे चपटे तुकडे, एकावर एक निसटणारे. इथे मला बुटांचं पहिल्यांदा कौतुक वाटलं. ताठ तळाची कड घसाऱ्यात रुतवली की पाऊल हलत नाही. होट्युर्ली खिंडीखाली लाकडी पायऱ्यांची लांबच लांब माळ आहे, आणि तिच्या शेजारी जुलैतही बर्फाचे दोन पट्टे होते. माझ्या पुढची मुलगी धावायच्या बुटांत होती, ती त्या बर्फावर चार पावलांत दोनदा बसली. मी टाच मारत, खाचा पाडत सरळ गेले.

दुसऱ्या दिवशी तोच साडेचौदाशे मीटरचा उतार. तळ वाकत नाही, म्हणून पाऊल लोळत नाही, दर पावलाला आपटतं. ग्रीसआल्पला पोचेपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती, आणि त्यातलं एक सप्टेंबरात गळालं. नंतर एका जुन्या जाणत्या बाईंनी युक्ती शिकवली: घोट्याच्या वळणावर लेस एकदा नाही, दोनदा गुंडाळून घट्ट आवळायची आणि त्याच्या वरचा भाग सैल ठेवायचा. पाय पुढे सरकत नाही. हे मला ३८० फ्रँकांबरोबर कुणी का सांगितलं नाही?

हटबद्दल थोडं सांगते, कारण बुटांचं अर्धं आयुष्य तिथल्या मांडणीवर जातं. स्विस अल्पाइन क्लब १८६३ पासूनचा, आणि दीडशेच्या आसपास हट त्यांच्या आहेत. आत शिरताच बूट काढायचे, मांडणीवर ठेवायचे आणि तिथल्या सपाता घालायच्या. ह्या एका नियमामुळे मला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं. झोपायला लांबच लांब फळीवर ओळीने गाद्या, अनोळखी माणसाचं कोपर आपल्या बरगडीत. पांघरूण ते देतात, आतली पातळ पिशवी आपली. ती विसरू नका. मी रेशमाची घेतली, दीडशे ग्रॅमची. ह्या मोसमात सगळ्यात कमी बोलबाला आणि सगळ्यात जास्त उपयोग तिचा झाला. रात्रीचं जेवण ठरल्या वेळी, सूपपासून गोडापर्यंत. शाकाहारी हवं असेल तर बुकिंग करतानाच लिहायचं, तिथे पोचून सांगितलं तर पंचाईत. पाणी मात्र महाग. बऱ्याच उंच हटमध्ये नळाचं पाणी पिण्याजोगं नसतं, बाटल्या हेलिकॉप्टरने येतात आणि त्या हेलिकॉप्टरचं भाडं तुमच्या घशाखाली उतरतं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिक्की घेऊन जातो. आपला कचरा आपण खाली आणायचा.

बूट वाळवायच्या खोलीत शेगडीजवळ मात्र ठेवू नका. चामडं तडकतं आणि डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे. आणि काहीतरी खूण बांधा. पहाटे साडेचार वाजता अंधाऱ्या मांडणीवर एकाच कंपनीचे सात जोड असतात. माझ्या बुटांवर आकाशकंदिलाची उरलेली केशरी दोरी आहे.

ज्या दोन दिवसांसाठी बूट घेतले ते ऑगस्टमध्ये आले. युंगफ्राउयोखच्या रेल्वे स्टेशनहून आलेच हिमनदीवर उतरायचं, कोंकोर्डिया हटला मुक्काम, दुसऱ्या दिवशी मेर्येलेनपाशी बर्फाबाहेर. गाइड आणि दोराशिवाय हे करूच नये, कारण वरच्या भागात भेगा बर्फाच्या पातळ पुलांखाली झाकलेल्या असतात. दोराला आम्ही सहा जण. स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, दाराबाहेर पडलं की जपानी छत्र्या आणि सेल्फी, आणि दहा मिनिटांत नुसती शांतता. आलेच ही आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, अजून साधारण २० किलोमीटर. कोंकोर्डिया चौकात वरून येणारे बर्फाचे मोठे प्रवाह एकत्र होतात, आणि तिथे पायाखाली काहीशे मीटर जाडीचा बर्फ असतो. चालताना तसं काही जाणवत नाही. जाणवतो तो आवाज: कुठेतरी खोल पाणी पडत असतं.

बुटांनी त्या दोन दिवसांत एक शब्द काढला नाही. क्रॅम्पॉन मागच्या कडेत खट्‌कन बसले, दिवसभर हलले नाहीत. खालच्या उघड्या बर्फावर, करवतीसारख्या लाटांवर, ताठ तळ म्हणजे काय ते कळलं. आमच्यातल्या एकाचे बूट मऊ होते. तळ वाकला की त्याचा क्रॅम्पॉन सैल व्हायचा आणि अख्खा दोर थांबायचा. दर अर्ध्या तासाने आम्ही बाकीचे पाच जण बर्फावर उभे राहून त्याला पट्टे आवळताना बघत होतो.

संध्याकाळी हटपर्यंत लोखंडी जिना. १८७७ मध्ये पहिली हट बांधली तेव्हा ती बर्फापासून साधारण ५० मीटर उंच होती. बर्फ खाली खाली गेला, तसा कड्याला जिना जोडत गेले. आज चारशेहून जास्त पायऱ्या आहेत, त्याही दिवसभर चालून झाल्यावर. ताठ बुटांनी जिना चढणं हा काय प्रकार असतो ते शब्दांत येणार नाही. पोटऱ्यांना विचारा. जेवताना गाइडने सांगितलं, की खालच्या फीश परिसरातल्या लोकांनी १६७८ मध्ये नवस केला होता: हिमनदी वाढू नको दे. तिच्या काठचा मेर्येलेन तलाव फुटला की पूर गावात यायचा. नवस पुढची शतकं इमानाने पाळला. मग बर्फच आटू लागला, तेव्हा २००९ मध्ये त्यांनी पोपकडे नवस बदलून मागितला आणि २०१० मध्ये परवानगी मिळाली. आता ते ती आटू नये म्हणून प्रार्थना करतात. २०२२ आणि २०२३ ह्या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचा एकूण १० टक्के बर्फ गेला. दुसऱ्या दिवशी मेर्येलेनला पाहिलं तर त्या गाव बुडवणाऱ्या तलावाची जागा म्हणजे खडकांतली काही डबकी. तिथून किलोमीटरभर लांबीच्या बोगद्यातून चालत फीशरआल्पला आलो, आणि पाळण्याने खाली.

आता तक्रारी. ऑगस्टअखेर डाव्या बुटाचा एक हूक निघाला. दुकानाने आठवडाभर ठेवून फुकट बसवून दिला, पण "दगडावर आपटला असेल" हे वर ऐकवलं. डोंगरातले बूट दगडावर नाही आपटणार तर कशावर? दुसरं, उजव्या बुटात चौथ्या महिन्यापासून ओल येते, करंगळीपाशी, जिथे चामडं दुमडतं तिथेच. आतला जलरोधक पडदा तिथे फाटला असावा. मेण चोपडल्यावर दोन तास तग धरतो, दिवसभराच्या पावसात नाही. इतक्या किमतीत ही गोष्ट मला पटलेली नाही.

सप्टेंबरात मोर्टेराच हिमनदीला गेलो. रेल्वेच्या फलाटावरून निघणारी सपाट वाट, आणि वाटेत सालं लिहिलेल्या पाट्या: हिमनदीचं टोक त्या साली इथे होतं. माझ्या जन्माच्या आसपासच्या पाटीपाशी आता झाडं आहेत. पुढे बराच वेळ चालून, शाळेच्या भूगोलातला हिमोढ (हिमनदीने टाकलेला दगडगोट्यांचा ढीग) तुडवत, करड्या बर्फाचं टोक दिसलं. तोवर माझ्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या. नवरा साध्या बी कॅटेगरीच्या बुटांत शिट्टी वाजवत चालला होता.

तर कुणी घ्यावेत? वर्षातले दहा-बारा दिवस बर्फावर किंवा निळ्या पट्ट्यांच्या वाटांवर जाणार असाल तर डोळे मिटून घ्या. माझ्यासारखे असाल, तलाव आणि हट जास्त आणि हिमनदी एखादी, तर बी कॅटेगरीचे घ्या आणि त्या एका दौऱ्यासाठी क्रॅम्पॉनचे बूट भाड्याने आणा. डोंगरातल्या पर्यटनाच्या गावांत ते मिळतात. भारतातून इकडे फिरायला येणाऱ्यांनी तर नक्कीच असंच करावं, सामानातले पावणेदोन किलो वाचतील. आणि माळ्यावर पडून राहिलेले मित्राचे जुने बूट मागून आणू नका. तळाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. बाहेरून नवेकोरे दिसतात आणि तिसऱ्या तासाला तळ सुटून हातात येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ब्ल्यूमलिसाल्पच्या वाटेवर, एका गृहस्थांनी दोन्ही तळ बुटांच्या लेसने बांधले होते आणि मग बुटांना लेस नव्हत्या.

माझे सध्या मोच्याकडे आहेत. टाच बाहेरच्या बाजूने झिजली आहे, नवा तळ बसवून मिळतो. तीन आठवडे लागतील म्हणाला. पुढच्या रविवारी ओशिनेनला जायचं आहे, तेव्हा आई इथेच ठेवून गेलेले तिचे बूट घालून पाहिले. अर्धा नंबर लहान आहेत, पण चालतील.