चौदाशेचा कॅच कॅन: घ्या, पण आधी उघडून बघा

कॅच कॅन म्हणजे इंजिनाच्या वाफेतलं तेल-पाणी अडवून साठवणारा डबा. तो घ्यायची वेळ का आली, ते आधी सांगतो. माझी २००९ची जिप्सी, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारी). गेल्या उन्हाळ्यात सर्व्हिसिंगला दिली तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, टॅपेट कव्हरवरची ही नळी सगळी वाफ परत इंजिनात ढकलते. काढून टाकू, इंजिन मोकळं होईल." मी मान डोलावली. त्याने पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डकडे सोडणारी झडप) काढला, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळकांड्याचं) तोंड बंद केलं आणि ब्रीदरवर, म्हणजे इंजिनाच्या पोटाला श्वास घ्यायच्या तोंडावर, लिंबाएवढा लाल फिल्टर बसवला. मजुरीसकट सहाशे रुपये.

पहिले चार दिवस खरंच वाटलं की गाडी हलकी झालीय. पैसे मोजले की तसं वाटतंच. मग सिग्नलला थांबलो की केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास यायला लागला. बायको मागे बसेना. बॉनेटच्या आतून तेलाचा चिकट थर, त्यावर धूळ. ताम्हिणीतून दोन पावसाळी फेऱ्या झाल्यावर ऑइलचं झाकण उघडलं, तर आत दह्यासारखी पिवळट साय.

त्यात नवल नाही. पिस्टनच्या रिंगांतून थोडा वायू खाली तेलाच्या बाजूला उतरतोच, नव्या इंजिनातही. त्याच्याबरोबर पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल असतं. मॅनिफोल्डची ओढ ते पीसीव्हीतून खेचून घेते आणि दुसऱ्या नळीने एअर फिल्टरमधली स्वच्छ हवा आत येते. नुसतं भोक ठेवलं तर दाब सुटतो, पण आतून वारा खेळत नाही; दमट वाफ तेलातच मुरते. कॅलिफोर्नियात धुरक्यापायी १९६१च्या गाड्यांपासून ही व्यवस्था सक्तीची झाली, पण फायदा इंजिनालाही झाला. आणि पीयूसीवाला नळी घालतो सायलेन्सरमध्ये, ब्रीदरमध्ये नाही. त्यामुळे 'पास झाली ना' याला काही अर्थ नाही.

तर नवा पीसीव्ही आणला (हलवल्यावर खुळखुळ वाजला पाहिजे, मुका असेल तर घेऊ नका) आणि सोबत ऑनलाइन हा अ‍ॅल्युमिनियमचा कॅच कॅन मागवला. परीक्षण त्याचंच.

डबा दिसायला देखणा, आटे नीट, तळाशी तोटी. पण उघडला तर आत काहीच नाही! ना पडदा, ना जाळी. एका तोंडातून वाफ आत, दुसऱ्यातून तशीच बाहेर. मी भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी धुऊन आत कोंबली, आणि तिचे तुकडे इंजिनाकडे जाऊ नयेत म्हणून बाहेर जाणाऱ्या तोंडाआड बारीक जाळी घट्ट बसवली. सोबतच्या नळ्या तर फेकाच. गरम झाल्या की मऊ पडतात आणि ओढीने चपट्या होतात. नाना पेठेतून तेलाला टिकणारा होज आणि चार क्लिपा आणल्या. डबा पीसीव्ही आणि मॅनिफोल्डच्या मध्ये लावला. पेटीत एक ब्रीदर फिल्टरही येतो, तो लावलात तर पुन्हा माझ्यासारखी फजिती.

लावून झाल्यावर आयडलिंगला ऑइलच्या तोंडावर कागद ठेवला. तो हलकेच चिकटला. आधी फडफडत होता.

उन्हाळ्यात हजार किलोमीटरला दोन चमचे काळं तेल निघालं. पावसाळ्यात तेवढ्याच अंतरात अर्धा कटिंगचा ग्लास, चहाच्याच रंगाचं पाणी. हे सगळं पूर्वी मॅनिफोल्डमध्ये जायचं, म्हणजे गॅरेजवाल्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती. इलाज चुकला. पावसात दर पंधरवड्याला तोटी उघडायचा कंटाळा असेल तर मात्र डबा घेऊ नका, नुसता पीसीव्ही चालू ठेवा. आणि इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत असेल (रिंगा झिजून वायू फारच खाली उतरत असेल), तर हे चौदाशे रिंगांच्या कामाला ठेवा.

पाचपैकी तीन. एक गुण नळ्यांचा कापला, एक रिकाम्या पोटाचा. तो लाल फिल्टर माझ्या टूलबॉक्समध्ये पडलाय. कुणाला हवाच असेल तर पुसून देतो.