आरडी 350 चे कार्बोरेटर कुणाकडं सोडून येऊ नका, माझे गेले

सांगली मिरजेत अजून बऱ्याच जणांकडं राजदूत 350, म्हणजेच आरडी 350 मोटरसायकली आहेत म्हणून लिहितोय. आमची 1986 ची, अण्णांनी घेतलेली, दोन सिलेंडर, दोन मिकुनी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून सिलेंडरला देणारे). दिवाळीपासून स्लोला (रेस न देता) मिस मारायला लागली, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला की उजव्याचा जोर कमी, म्हणजे बॅलन्सिंग, दोन्ही कार्ब सारखे चालणं, गेलंय एवढं कळत होतं.

सांगलीतल्या एका गॅरेजवाल्याकडं गेलो. माणूस बोलायला एकदम गोड. "दादा हे हातानं होत नाही, मशीनवर लावायला लागतंय, कार्ब राहू दे माझ्याकडं, चार दिवसांनी या." ठेवून आलो. 'जपानी किट' धरून 6500 घेतले, बिल मागितलं तर म्हणला घरचंच काम आहे, बिल कशाला. गाडी स्लोला छान उभी राहत होती, मी खूश.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूरला निघालो, अंकलीचा पूल ओलांडला, जयसिंगपूरच्या अलीकडं 80 च्या स्पीडला इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला आणि मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून वाचलो, मागं उसाचा ट्रॅक्टर होता दोन ट्रॉल्या लावून.

मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रींनी हेड खोललं. उजव्या पिस्टनवर उभे ओरखडे, प्लग पांढराफट्ट, म्हणजे त्या सिलेंडरला पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मग त्यांनी दोन्ही कार्ब पेपरवर शेजारी शेजारी मांडले. मेन जेटचे (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) नंबर वेगळे, स्लाइडचा (रेस दिली की वर उचलणारा दट्ट्या) खालचा काप वेगळा. अण्णांनी दोन्ही बॉडींवर कानशीनं दोन बारीक खाचा मारलेल्या, डावीवर त्या आहेत, उजवी गुळगुळीत. बॉडीच बदललेली. असली जोडी कुणाच्या बापाला बॅलन्स होणार नाही.

आणि खरं बॅलन्सिंग किती साधं असतं ते मिस्त्रींनी शेजारी बसवून दाखवलं. एअर फिल्टरची रबरं काढायची, दोन्ही कार्बच्या तोंडात एकेक बोट, दुसऱ्यानं रेस हळूहळू फिरवायची, दोन्ही स्लाइड एकदमच उचलल्या पाहिजेत. एक आधी उचलली तर वरचा केबल ॲडजस्टर फिरवून लॉकनट आवळायचा. रेसची एकच केबल पुढं तीन ठिकाणी फुटते, दोन कार्बला आणि एक इंजिनाला ऑइल पुरवणाऱ्या पंपाला, त्यामुळं शेवटी पंपाची खूण बघायचीच, नाहीतर ऑइल कमी पडून इंजिन जातं. अर्ध्या तासाचं काम, कार्ब सोडून यायची गरजच नाही.

गॅरेजवाला म्हणतो तुम्ही आणली तशीच होती. माझ्याकडं फोटो नाही, बिल नाही, काय बोलणार. तुम्ही देण्याआधी जेटचे नंबर, स्लाइड, बॉडी सगळ्याचे फोटो काढा आणि काम होईपर्यंत तिथंच बसा.

सिलेंडर रिबोरला (आतून कापून साफ करायला) दिलाय. उजवी मिकुनी बॉडी, खालच्या कडेला कानशीच्या दोन खाचा, कोल्हापूर सांगली भागात कुठं विकायला आलेली दिसली तर मला कळवा, ती आमची आहे.