गोव्यात स्पोर्टी गाडीला परवडणारे टायर: कोणता घ्यावा, कोणाला?

पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन किंवा टर्बो इंजिनाची तशीच एखादी चपळ गाडी दारात आहे. कंपनीतून आलेले टायर घासत आलेत, आणि चार टायरांना मिळून तीस-पस्तीस हजारांच्या वर जायचं नाही. रोजची धाव फोंडा-पणजी किंवा म्हापसा-पर्वरी, आणि रविवारी पहाटे साखळी-केरीवरून चोर्ला घाट चढायची हौस. अशा माणसासाठी हे लिहितोय. ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांचा हिशेब वेगळा, तो इथे नाही.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढची तुलना कुठल्या बाजूने झुकलीय ते कळेल. गोव्यात टायरची परीक्षा ओल्या रस्त्यावर होते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. कोरड्या डांबरावर आपण सार्वजनिक रस्त्यावर जितकं जोरात जाऊ शकतो, तितक्याला कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा ताजा टायर पुरतो. फरक दिसतो तो मृगाच्या पहिल्या सरीला. उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ वर येते, डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात त्यात तांबडा चिखल मिसळतो, आणि ६६ नंबरच्या हायवेवर मासळीच्या ट्रकांतून गळणारं पाणी असतंच. चोर्ल्यात सावलीतल्या वळणांवर पाला कुजतो. तिथे ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबते, तेच तुमचं परफॉर्मन्स. थंडीचे टायर, बर्फाचे टायर असली भानगड आपल्याकडे नसल्यामुळे एकच सेट बारा महिने चालतो, ही त्यातली चांगली बाजू.

आता दुकानात जाऊ. टायरवाला पहिला प्रश्न विचारतो, "कितले खर्च करतलो तें सांग." उत्तरावर तो तीनपैकी एका गठ्ठ्याकडे हात करतो.

पहिला गठ्ठा: एमआरएफ, अपोलो, सिएट

एमआरएफचा कारखाना आपल्या उसगावलाच आहे, त्यामुळे फोंडा तालुक्यात या टायरबद्दल एक घरगुती जिव्हाळा आहे. तो बाजूला ठेवला तरी टायरचे गुण खरे आहेत. साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) दणकट, रबर कडक, किलोमीटर भरपूर. खड्ड्यात चाक आदळलं तर फुगा येण्याची भीती तुलनेने कमी. पण ज्या कडकपणामुळे आयुष्य वाढतं, तोच कडकपणा ओल्या वळणावर नडतो. एमआरएफचे वाँडरर, झेडएलएक्स हे टायर साध्या रोजच्या वापराचे, स्पोर्टी गाडीला मी ते सुचवणार नाही. पर्फिन्झा ही त्यांची वरची श्रेणी, आणि एमआरएफच घ्यायचा असेल तर तुमच्या मापात ती मिळते का ते आधी विचारा.

अपोलोचा अल्नॅक ४जी अनेक गाड्यांना कारखान्यातूनच बसून येतो. म्हणजे तुमचे घासलेले टायर तेच असण्याची शक्यता बरीच. तो आवडला असेल तर परत तोच घालण्यात काही कमीपणा नाही. स्टिअरिंगला उत्तर बरं देतो, पावसातही फसवत नाही. सिएटचा सिक्युराड्राइव्ह याच पंगतीत बसतो. जो माणूस गाडी स्पोर्टी घेऊन सरळ चालवतो, म्हणजे इंजिनाचा जोर ओव्हरटेकपुरता वापरतो, त्याला या गठ्ठ्यातून पुढे जायची गरज नाही.

दुसरा गठ्ठा: योकोहामा, ब्रिजस्टोन, काँटिनेंटल, गुडइयर

माझा वाचक बहुधा इथे थांबावा असं मला वाटतं. एका टायरमागे पहिल्या गठ्ठ्यापेक्षा हजार-दीड हजार जास्त जातात, दुकानागणिक कमीजास्त, पण बजेट फाटत नाही.

यात मी दोन नावं समोरासमोर ठेवीन. योकोहामाचा ब्ल्यूअर्थ-जीटी एई५१ आणि काँटिनेंटलचा अल्ट्राकाँटॅक्ट यूसी६. दोन्ही टूरिंग जातीचे, म्हणजे आराम आणि पकड यांचा मेळ घालणारे. योकोहामा वळणात शिरताना जास्त तरतरीत वाटतो, स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं. चोर्ल्याची हौस असणाऱ्याला तो आवडेल. काँटिनेंटलचा जोर ओल्या ब्रेकिंगवर. हायवेवर पावसात समोरचा ट्रक अचानक थांबला तर मला पायाखाली काँटिनेंटल असलेला बरा वाटेल. रोजची धाव मडगाव-पणजी असेल आणि घाट महिन्यातून एखादाच, तर काँटिनेंटल; उलट असेल तर योकोहामा. ब्रिजस्टोनचा टुरान्झा या दोघांपेक्षा शांत आणि थोडा सुस्त. घरातली म्हातारी माणसं मागे बसत असतील तर तेही वाईट नाही. गुडइयरचा अ‍ॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २ ओल्या रस्त्यासाठीच विकला जातो, पण स्टिअरिंगच्या मजेसाठी कोणी तो घेत नाही.

एक अडचण या गठ्ठ्याला आणि पुढच्यालाही आहे. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात 'मुक्त'मधून 'प्रतिबंधित' यादीत टाकली, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या टायरला परवाना लागतो. परिणामी काही मापं दुकानात सहज मिळत नाहीत, आणि मिळाली तर कधीकधी जुन्या तारखेची असतात. म्हणून मॉडेल मनात पक्कं करण्याआधी त्याचं तुमचं माप गोव्यात येतं का, ते दोन-तीन दुकानांत फोन करून विचारा. इथे नसेल तर बेळगावात विचारायला हरकत नाही. नाहीतरी चोर्ला चढायला निमित्तच हवं असतं.

तिसरा गठ्ठा: मिशेलिन

किंमत पहिल्या गठ्ठ्याच्या साधारण दीडपट. प्रायमसी ४ एसटी हा मुळात आरामाचा आणि शांततेचा टायर, तरी ओल्या रस्त्यावर त्याची पकड उत्तम. प्रायमसी ४ हे नाव कंपनीने विकलं तेच मुळी, टायर झिजल्यावरही पावसात तो भरवशाचा राहतो या मुद्द्यावर. गोव्यात हा मुद्दा किमतीच्या फरकाला बऱ्यापैकी न्याय देतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातच टायरचं खरं रूप कळतं. दुखरी बाजू म्हणजे साइडवॉल मऊ. अंतर्गत गावांतल्या खड्ड्यांत, किंवा रस्त्याची कड तुटून जांभ्याचा दगड वर आलेला असतो तिथे, जपून न्यावी लागते.

पायलट स्पोर्ट ४ चं नाव प्रत्येक गप्पांत निघतं. टायर अव्वल आहे, वादच नाही. पण १५-१६ इंचांत त्याची मापं मोजकी, किंमत या लेखाच्या बजेटबाहेर, आणि १२० हॉर्सपॉवरच्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीला त्याच्या क्षमतेचा अर्धा भागही वापरता येणार नाही. ते पैसे चांगल्या ब्रेक पॅडवर आणि नव्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर घाला.

चौथा एक गठ्ठा कोपऱ्यात असतो: कधी न ऐकलेल्या नावाचे स्वस्त टायर आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले. आयएसआय शिक्का नसेल तर हातही लावू नका. कारच्या टायरला तो भारतात सक्तीचा आहे. रिमोल्ड या गाडीला नाहीच.

सतरा इंचाचा मोह

म्हापशाला अलॉयचं दुकान दिसलं की स्पोर्टी गाडीवाल्याचा पाय ब्रेकवर जातो. आय-ट्वेंटी एन लाइनचं कंपनीचं माप १९५/५५ आर१६ धरू, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, साइडवॉल त्या रुंदीच्या ५५ टक्के, आणि रिम १६ इंचाचं. त्याचा व्यास भरतो सुमारे ६२१ मिलिमीटर, साइडवॉल १०७. त्याऐवजी २१५/४५ आर१७ घातला तर व्यास ६२५, म्हणजे स्पीडोमीटरला काही कळत नाही. पण साइडवॉल ९७ वर येते. खड्ड्याचा मार शोषणारं रबर दहा मिलिमीटरने कमी झालं, टायर रुंद झाला, आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. दिसायला झकास, जुलैत घातक. शिवाय रिमसकट खर्च, आणि मूळ मापापासून दूर गेलं की अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर प्रश्न विचारणार. त्याच पैशात १६ इंचात वरच्या श्रेणीचा टायर येतो, मग हे कशाला? दरवाजाच्या चौकटीवर छापलेल्या मापातच राहा.

पाण्यावर तरंगण्यावरून हवेच्या दाबाचंही सांगायला हवं. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवरून एक ढोबळ सूत्र काढलं: दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर पाण्यावर उचलला जातो. त्या हिशेबाने ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या जवळ येतो, आणि हवा २५ वर उतरली की ८३ च्या आसपास. कारच्या घासलेल्या टायरला ते याहूनही आधी होऊ शकतं. नव्या झुवारी पुलावरून भर पावसात शंभरने जाणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. नायट्रोजनचे पैसे मात्र वाचवा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. थंड टायरवर दर पंधरवड्याला दाब तपासणं त्याहून कामाचं.

टायर हातात घेऊन काय वाचायचं

साइडवॉलवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या पट्टीत शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. '१४२५' म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. चारही टायरांचे पाहा, एकाचे पाहून समाधान मानू नका, आणि आकडे आतल्या बाजूला असतील तर टायर फिरवायला लावा. सहा महिन्यांपर्यंतचा मी डोळे झाकून घेईन, वर्ष उलटलेल्यावर घासाघीस करीन, दोन वर्षांचा परत पाठवीन. मापाच्या पुढे '८७व्ही' असं दिसतं. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची मर्यादा. एच म्हणजे २१०. मूळ टायरपेक्षा खालचं अक्षर घेऊ नये. काहींवर 'ट्रेडवेअर ३२०', 'ट्रॅक्शन ए' असंही असतं. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ थांबण्याची पकड, त्यात एए सर्वांत वर. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती सावकाश झिजतो ते; त्याचा आकडा मात्र एका कंपनीच्या दोन टायरांत ताडून पाहायला ठीक, दोन कंपन्यांत नाही, कारण ही प्रतवारी ज्याची त्यानेच केलेली असते.

त्याच मॉडेलचं युरोपातलं लेबल सापडलं तर ओल्या पकडीचं अक्षर पाहून घ्या. ८० च्या वेगावरून थांबताना एका अक्षराचा फरक म्हणजे साधारण ३ ते ६ मीटर, म्हणजे जवळजवळ एक गाडी. फक्त नाव तेच असलं तरी आशियात विकला जाणारा टायर वेगळ्या मिश्रणाचा असू शकतो, एवढं धरून चाला.

चार की दोन

पैसे कमी पडले तर दोन चांगले घ्या, चार हलके नकोत. आणि ते दोन नवे मागे बसवा. दुकानदार पुढे बसवायला निघेल, कारण गाडी पुढच्या चाकांवर ओढते आणि पुढचेच टायर आधी घासतात. पण पावसात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, आपण पाय उचलतो, सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते. म्हणून चांगले मागे, बरे पुढे. पुढचे तेवढे बरे हवेत मात्र. कायद्याने टायरची खाच १.६ मिलिमीटर खोलीपर्यंत चालते आणि खाचेतल्या उंचवट्याशी रबर आलं की ती मर्यादा आली असं समजायचं. गोव्याच्या पावसाला मी तीन मिलिमीटरलाच टायर संपला म्हणतो.

बसवण्याच्या दिवशी

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम करून घ्यावी. खाऱ्या हवेने अलॉयच्या आतल्या कडेला, जिथे टायर रिमला चिकटून बसतो तिथे, पांढरट खपली धरते. जुना टायर काढला की बोट फिरवून पाहा, खरखरीत लागेल. मेकॅनिकने ती तारेच्या ब्रशने साफ केली नाही तर नव्या टायरमधूनही आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा मुकाट्याने जात राहते आणि पंक्चर काही सापडत नाही. ब्रश मारा म्हणून सांगायला लाजू नका. नवा व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट हे बिलात धरूनच बजेट आखा.

पक्क्या बिलावर जीएसटी पाहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा कर २८ वरून १८ टक्के झालाय. सहा हजारांच्या मूळ किमतीला पूर्वी ७,६८० पडायचे, आता ७,०८०. जुन्या दरपत्रकावर बोट ठेवून 'डिस्काउंट' देणारे असतात, त्यांच्याशी हिशेब करायला हा आकडा जवळ असू द्या. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि टायरचे नंबर त्याच वेळी घ्या. काही कंपन्या काही मॉडेलांवर खड्ड्याने आलेल्या फुगव्याचीही भरपाई देतात, पण नोंदणी केली असेल तरच.

खरेदीची वेळ म्हणाल तर मे महिन्याचा पहिला पंधरवडा. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला गुळगुळीत थर असतो, तो जायला दोन-तीनशे किलोमीटर कोरडा रस्ता मिळतो, आणि दुकानात पावसाळ्याआधीची झुंबडही लागलेली नसते. निघताना स्टेपनी उघडून पाहा. अनेक गाड्यांत ती लहान मापाची आणि ८० च्या वेगमर्यादेची असते, आणि तिच्यात हवा कोणीच भरत नाही. ती तिथेच, फुकटात भरून घ्या.