बोलण्याची भीड चेपायला काय बरं: लँग्वेज एक्स्चेंज की खासगी ट्यूटर?

व्याकरण बऱ्यापैकी झालंय, वाचलेलं समजतं, पण बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. अशा वेळी लँग्वेज एक्स्चेंज (दोघांनी एकमेकांना आपापली भाषा बोलायला शिकवायची) आणि ऑनलाइन ट्यूटर असे दोन पर्याय हमखास सुचवले जातात. जर्मन शिकताना मी दोन्ही करून पाहिले. एक फुकट, दुसऱ्याला पैसे पडतात. ते सगळ्यांना माहीत आहे.

एक्स्चेंजची मोठी जमेची बाजू म्हणजे बरोबरी. समोरचाही आपल्या भाषेत धडपडत असतो, त्यामुळे परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. हॉर्विट्झ आणि सहकारी या संशोधकांनी १९८६ साली परभाषेच्या वर्गातली भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली. त्यात 'चुकलो तर लोक काय म्हणतील' ही धास्ती ठळक आहे. एक्स्चेंजमध्ये ती खरोखर कमी होते.

मला नडली ती वेगळीच गोष्ट. मी अडलो रे अडलो की समोरचा इंग्रजीवर यायचा. जर्मनमध्ये मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी, पण 'कारण' म्हणून पोटवाक्य सुरू केलं की ते थेट शेवटी. सुरुवातीला ही जुळवाजुळव करायला क्षणभर थांबावं लागतं, आणि नेमक्या त्याच क्षणी तो मदतीला धावायचा. हेतू चांगला, शिवाय त्याचं इंग्रजी माझ्या जर्मनपेक्षा कितीतरी सरस. रागावणार तरी कसं? पण अर्धवट सोडलेली वाक्यं तेवढी मनात साचत गेली. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांना ऐकलेलं छान कळायचं, बोलण्यात मात्र ती मागे राहायची. त्यावरून भाषासंशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली मांडलं की, अडल्यावर नेटाने वाक्य पुरं करण्यातही शिकणं असतं. माझी तीच संधी हुकत होती.

ट्यूटरला मी सरळ सांगू शकलो: भाषा बदलू नका, मी थांबलो तर तुम्हीही थांबा, चुका शेवटी सांगा. पैसे देत असल्याने त्यात संकोच नव्हता. एकच गोष्ट आधी ४ मिनिटांत, मग ३, मग २ मिनिटांत सांगायचा सरावही जमला. या सरावाच्या मूळ पद्धतीत दर वेळी श्रोता नवा असतो, पण एकाच ट्यूटरपुढेही तिसऱ्या खेपेला वाक्यं आपसूक येतात. तेच तेच तीनदा ऐकायला मित्राला कसं सांगणार?

सगळेच ट्यूटर असे नसतात, हे खरं. काही स्वतःच बोलत सुटतात. काही आपलं चुकलेलं वाक्य नीट करून म्हणतात आणि पुढे जातात. लिस्टर आणि रांटा या संशोधकांना १९९७ साली वर्गांत हीच दुरुस्ती सर्वाधिक आढळली, आणि तिला विद्यार्थ्यांचा प्रतिसाद सर्वांत कमी. 'पुन्हा म्हणून पाहा' म्हणणारा ट्यूटर शोधावा. शिवाय ट्यूटरचा कान मोडक्यातोडक्या बोलण्याला सरावलेला असतो, बाहेरच्यांचा नसतो. म्हणून बी१ (युरोपीय भाषा-मापनातली मधली) पातळी ओलांडलेल्यांना एक्स्चेंज कदाचित जास्त मानवेल. तिथे अडणं कमी, त्यामुळे इंग्रजीवर घसरणंही कमी.

त्याआधीच्या टप्प्यावर असाल, तर मी ट्यूटरकडे झुकेन. पहिल्या ट्रायल तासात एखाद्या वाक्याच्या मध्येच मुद्दाम थांबून पाहा. तो गप्प राहिला, तर पुढचे तास बुक करायला हरकत नाही.