दिवाळीत घेतलेली इलेक्ट्रिक गिटार : गणपतीपर्यंतचा अनुभव

दिवाळीला यामाहा पॅसिफिका ०१२ घेतली, आता गणपती तोंडावर आलेत. मधल्या काळात गिटार जवळजवळ रोज हातात होती, त्यामुळे चार गोष्टी खात्रीने सांगता येतील. चाळिशीनंतर, आधी अकॉस्टिक (विजेविना वाजणारी गिटार) न वाजवता थेट इलेक्ट्रिकला हात घालणाऱ्यांसाठी मराठीत फारसं काही सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. हा अनुभव निम्मा गिटारचा आणि निम्मा आमच्या सोसायटीतल्या काकांचा आहे. ते नसते तर ही गिटार एव्हाना कपाटावर गेली असती.

काका ऐंशीच्या दशकात नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणेशोत्सव, गॅदरिंग, लग्नाची रिसेप्शनं असे कार्यक्रम असत. शिकवण्या त्यांनी कधी केल्या नाहीत. रविवारी सकाळी मी गिटार घेऊन त्यांच्याकडे जाते. कधी तासभर बसतो, तर कधी पंधरा मिनिटांत "आता हे आठवडाभर घास" म्हणून ते उठतात. फी घेत नाहीत.

खरेदीलाही तेच सोबत होते. दुकानात त्यांनी आधी गिटार डोळ्यासमोर आडवी धरून वरच्या टोकाकडून मान सरळ आहे का ते पाहिलं. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) वाजवून कुठे झणझणते का ते ऐकलं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा हार्मोनिक आणि तीच तार तिथे दाबून येणारा स्वर एकच आहे का, तेही ताडलं. शेवटी सगळी बटणं फिरवून खरखर होते का ते बघितलं. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. रंग मात्र मला निवडू दिला.

गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची आहे. तो आकार १९५४ सालचा आणि अजून बसून वाजवायला त्याच्याइतकं सोयीचं मला काही सापडलेलं नाही. बावीस फ्रेट, तारांचं कंपन टिपणारे तीन पिकअप (ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिथे, दुहेरी वेढ्यांचा हंबकर, बाकी दोन एकेरी वेढ्यांचे सिंगल कॉइल) आणि त्यांतला कुठला वाजवायचा ते निवडायला पाच जागांचा स्विच. मान वरच्या टोकाला सुमारे ४१ मिलिमीटर रुंद आहे, माझ्या लहान हाताला अगदी योग्य. "आधी अकॉस्टिकवर बोटं घट्ट कर, मग इलेक्ट्रिक घे" हा सल्ला मला किमान पाच जणांनी दिला होता. तो मला पटला नाही आणि आता तर अजिबातच पटत नाही. अकॉस्टिकला सहसा बारा गेजच्या तारा असतात, इलेक्ट्रिकला नऊच्या. म्हणजे सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची. बोटं पहिले तीन-चार आठवडे दुखतात, टोकांना घट्टे पडतात आणि विषय संपतो. ज्याला इलेक्ट्रिकचा आवाज आवडतो त्याने इलेक्ट्रिकच घ्यावी.

पण तारा बारीक असल्यामुळे एक वेगळीच गोष्ट शिकावी लागते. नवशिके तार गरजेपेक्षा कितीतरी जोरात दाबतात आणि बारीक तार जोरात दाबली की स्वर चढतो. काकांनी हे ट्यूनर (स्वर मोजणारं यंत्र) लावून दाखवलं. तिसऱ्या तारेवर (तारा बारीककडून मोजतात) दुसऱ्या फ्रेटला बोट ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "आता दाब." काटा मधून उजवीकडे सरकला. मग त्यांनी जो व्यायाम दिला तो मी आजही सुरुवातीला करते. बोट फ्रेटच्या अगदी लगत ठेवायचं, तारेला नुसता स्पर्श करायचा आणि तार छेडत राहायची. आधी टकटक असा मुका आवाज येतो. दाब हळूहळू वाढवत न्यायचा. एका क्षणी स्वर स्वच्छ वाजतो. तिथेच थांबायचं आणि तेवढाच दाब हाताला पाठ करायचा. महिनाभरात मनगटाचं दुखणं गेलं आणि कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) बदलायचा वेगही आपोआप वाढला, कारण घट्ट रोवलेलं बोट उचलायलाच वेळ जात होता.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. इलेक्ट्रिक गिटार शिकणं म्हणजे निम्म्याहून जास्त तारा गप्प ठेवायला शिकणं आहे. पिकअपमधल्या चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते आणि अँप तीच मोठी करतो. कुठली तार तुम्ही मुद्दाम वाजवलीत आणि कुठली बोट उचलताना चुकून हलली, हे पिकअपला कळत नाही. गेन (अँपचं आवाज तापवणारं बटण) वाढवला की ती चुकून हललेली तारही तेवढीच ठळक ऐकू येते. व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला हे बहुधा लक्षातच येत नाही, कारण व्हिडिओतला माणूस तारा कशा गप्प ठेवतो ते पडद्यावर दिसत नाही, आणि आपल्या खोलीत काय घोंगावतंय ते त्याला ऐकू येत नाही.

काकांनी तिसऱ्या की चौथ्या रविवारी अँपचा गेन पूर्ण वर केला आणि पाचव्या तारेवर एकच स्वर वाजवायला सांगितला. वाजवला. ते म्हणाले, "अगं, तू काय वाजवतेस ते नको ऐकूस. मागे काय वाजत राहतंय ते ऐक." मागे सहावी तार घुमत होती आणि बारीक दोन तारा किणकिणत होत्या. मग त्यांनी माझा हातच धरून बसवला. स्वर दाबणाऱ्या बोटाचं टोक किंचित पुढे करून सहाव्या तारेला टेकवायचं. त्याच बोटाचा पोटाकडचा भाग सैल पाडून बारीक तारांवर नुसता पडू द्यायचा. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजपाशी जाड तारांवर विसावायची. ब्रिजच्या किती पुढे ठेवली तर आवाज बुजतो आणि किती मागे ठेवली तर खुलतो, तो फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा असतो. तो लिहून सांगता येत नाही, शेजारी बसलेल्या माणसाने "थोडी मागे... अजून... हां, इथे" म्हणावं लागतं.

पॉवर कॉर्डच्या वेळी याचा खरा उपयोग झाला. पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम. सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट पहिल्या बोटाने, पाचव्या तारेवर सातवा तिसऱ्या बोटाने, बाकी चारही तारा गप्प. त्यात गंधार नसल्यामुळे कितीही डिस्टॉर्शन (गेन वाढवून मुद्दाम आणलेला खरखरीतपणा) दिलं तरी आवाज गढूळ होत नाही. तंबोऱ्याच्या सा-प वर वाढलेल्या कानाला हा आवाज लगेच ओळखीचा वाटतो.

शाळेत असताना मी पेटी शिकले होते, गांधर्वची प्रवेशिकाही दिली होती, त्याचा इथे अनपेक्षित फायदा झाला. काका गिटारच्या तारा इंग्रजी अक्षरांनी सांगतच नाहीत, पेटीच्या पट्ट्यांनी सांगतात. जाडीकडून बारीककडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. एकाच तारेवर शुद्ध सप्तक शोधायचं तर मोकळ्या तारेवर सा, मग दुसरा, चौथा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा आणि बाराव्या फ्रेटवर वरच्या सप्तकातला सा. एका दुपारीत गिटारची पट्टी डोळ्यांपुढे पेटीसारखी उलगडली. सगळीकडे सर्वांत आधी शिकवतात ती मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे धानीचे स्वर. मेजर पेंटॅटॉनिक म्हणजे भूप. हे कळल्यावर बोटांच्या ठशांचे तक्ते पाठ करायची गरज उरली नाही. आधी गुणगुणायचं आणि मग बोटांनी शोधायचं.

बेंड म्हणजे आपली मींडच, पण इलेक्ट्रिकवर ती सुरात आणायला फार वेळ लागतो. सध्याचा माझा सराव असा : तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट, हा पांढरी सहाचा मध्यम. ती तार वर ढकलून पंचमापर्यंत न्यायची. पंचम आधी दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला वाजवून कानात ठेवायचा. एकट्या बोटाने ओढू नये. तिसऱ्या बोटामागे दुसरं आणि पहिलं टेकवून, अंगठा मानेवरून वर काढून, मनगट किल्ली फिरवल्यासारखं वळवायचं. निम्म्या वेळा स्वर थोडा खालीच राहतो. काका लगेच म्हणतात, "अजून पोचली नाहीस," आणि तेवढंच पुरतं.

विजेबद्दल थोडं. सिंगल कॉइलवर स्विच ठेवला की आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर येते. डिमर किंवा ट्यूबलाइट जवळ असेल तर जास्तच. गिटार हातात घेऊन जागच्या जागी वळलात तर एका दिशेला ती बरीच कमी होते. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणं हे नेहमीचंच. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं ताबडतोब थांबवा आणि सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत हे हमखास पाहावं. अँपला दोन पिनांचा जुगाड कधीही करू नका. अँप दहा वॅटचा आहे आणि फ्लॅटसाठी तोही जास्तच होतो. हेडफोनची सोय मात्र असलीच पाहिजे. अँपसोबत मिळालेली केबल लवकरच तुटक आवाज देऊ लागली, तेव्हा पुण्यातल्या तापकीर गल्लीतून चांगले जॅक आणून काकांनी ते डाखून दिले.

पावसाळ्यात तारा गंजतात. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुती फडक्याने खालूनवरून पुसायची, एवढं केलं की त्या दुपटीने टिकतात. दमट हवेने मानेचा बाकही थोडा बदलतो, त्यामुळे जुलैत एकदा सेटअप (मान आणि तारांची उंची नीट लावणं) करून घेतला. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची आता दोन मिलिमीटरच्या आत आहे. ट्रेमोलोचा (ब्रिज हलवून स्वर चढ-उतार करायचा) दांडा मी वापरतच नाही. काकांनी मागच्या स्प्रिंगचे स्क्रू घट्ट करून ब्रिज लाकडाला टेकवून ठेवलाय. त्यानंतर सूर उतरण्याची तक्रार जवळपास मिटली. नवशिक्यांनी हे पहिल्याच दिवशी करून घ्यावं.

अशा घरगुती शिकण्याला मर्यादाही आहेत. काका टॅब (तार आणि फ्रेटचे आकडे लिहायची पद्धत) वाचत नाहीत, नोटेशन तर नाहीच. सगळं कानावर. अभ्यासक्रम असा काही नाही, त्यामुळे आपण कुठवर आलो ते कळत नाही. ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील किंवा घरातल्या मुलाला शिस्तीत पुढे न्यायचं असेल तर क्लासच लावावा. क्रमवार धड्यांसाठी मी जस्टिनगिटार या संकेतस्थळाचा फुकट कोर्स बघते, तो उत्तम आहे. धडा तिथे बघायचा आणि रविवारी काकांना वाजवून दाखवायचा, ही सांगड मला फार लाभली. लयीचं मात्र सगळं काकांचंच. उजवा हात खाली-वर चालूच राहिला पाहिजे, तारेला लागो न लागो. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठवर लावून ते तोंडाने केरवा म्हणत बसतात, आणि हात थांबला की केरवाही थांबतो.

कुणी पंचवीस हजार खर्चणार असेल तर माझं म्हणणं असं की अठरा-वीसच्या आतबाहेरची गिटार घ्या, छोटा अँप घ्या आणि इफेक्टच्या पेडलचा विचार वर्षभर करू नका. ते पैसे तारांच्या दोन-तीन सेटसाठी आणि एका चांगल्या सेटअपसाठी ठेवा. मग जुन्या ऑर्केस्ट्रातलं, चर्चमध्ये वाजवणारं, कॉलेजच्या बँडमधलं कुणी ओळखीत आहे का ते विचारत फिरा. आठवड्यातून एकदा शेजारी बसून ऐकेल, एवढीच अट.

यंदा सोसायटीच्या गणपतीत काका दोन गाण्यांना वाजवणार आहेत आणि मागे पॉवर कॉर्ड मी धरायचे ठरलंय. पट्टी काळी एक. म्हणजे सहाव्या तारेवर नववा फ्रेट, आणि मोकळ्या तारा सगळ्या गप्प ठेवायच्या.