लासीचा डेटा: वार्धक्यावर संशोधन शिकू पाहणाऱ्या एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी कसा आहे?

म्हातारपणावर संशोधन करायचं म्हटलं की एमबीबीएसच्या विद्यार्थ्याची पहिली अडचण पेशंट गोळा करण्याची असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या छोट्या संशोधन प्रकल्पाला, हातात दोनच महिने असतात. तेवढ्या काळात ओपीडीतले साठ-सत्तर आजी-आजोबा तपासून होतात, पण निष्कर्ष त्या ओपीडीपुरताच राहतो. अशा वेळी लासी, म्हणजे लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया, हे पंचेचाळीस आणि त्यापुढच्या माणसांचं व त्यांच्या जोडीदारांचं देशभरातलं सर्वेक्षण फार मोठा आधार आहे.

मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये त्याची पहिली फेरी केली. त्यात ७२,२५० माणसं आहेत आणि त्यांपैकी ३१,४६४ साठीच्या पुढची. डेटा फुकट मिळतो. संस्थेच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरायचा आणि उद्देश लिहायचा. नावं-पत्ते काढलेला असला तरी कॉलेजच्या एथिक्स कमिटीचं सूट-पत्र आधीच घ्या. सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, विद्यार्थी नाही.

याची खरी ताकद मोजमापांत आहे. माणसांना ‘बीपी आहे का?’ एवढंच विचारलेलं नाही, तर तीनदा मोजलेलंही आहे. शेवटच्या दोन रीडिंगची सरासरी काढा, गोळ्या चालू असलेलेही बीपीच्या रुग्णांत धरा आणि ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणणाऱ्यांशी ताडून पाहा. किती जणांना आपला आजार ठाऊकच नाही हे दिसतं. गरीब घरांत, खेड्यांत तपासणीच होत नाही, म्हणून नुसत्या सांगितलेल्या निदानावर विसंबलं तर तिथली म्हातारी माणसं जास्त निरोगी आहेत असं उलटंच उत्तर निघतं. पहिला प्रकल्प म्हणून आम्ही हाच विषय सुचवू.

दुसरा चांगला विषय मुठीच्या पकडीचा. तिच्यावरून सार्कोपेनियाचा, म्हणजे वयानुसार स्नायू झिजून ताकद कमी होण्याचा, अंदाज येतो. सार्कोपेनियावरच्या आशियाई कार्यगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांत २८ किलोपेक्षा कमी आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी म्हणजे पकड कमजोर. मात्र लासीत स्नायूंचं वस्तुमान मोजलेलं नाही. त्यामुळे शीर्षकात ‘सार्कोपेनिया’ लिहू नका, ‘संभाव्य सार्कोपेनिया’ लिहा. ज्यांची पकड मोजताच आली नाही त्यांना सरसकट वगळणं ही याहून मोठी चूक. ज्यांना उठवत नाही, ज्यांचा हात सुजलाय, तीच माणसं गळतात आणि उरलेला गट आहे त्यापेक्षा धडधाकट दिसू लागतो. किती जण गळले आणि त्यांचं वय काय, हे पहिल्याच तक्त्यात द्या.

विद्यार्थी ठरावीक ठिकाणी अडखळतात. जोडीदारांना वयाची अट नव्हती, म्हणून साडेसहा हजारांहून जास्त माणसं पंचेचाळिशीच्या आतली आहेत. ती आधी बाजूला काढा. शाळेत किती वर्षं गेलात हा प्रश्न फक्त शाळेत गेलेल्यांना होता. कधीच न गेलेल्यांची जागा रिकामी दिसते. तिथे शून्य घातलं नाही तर निरक्षर आजी हिशेबातूनच नाहीशा होतात, आणि स्मरणशक्तीच्या अभ्यासात त्यांच्याविना काहीच खरं उरत नाही. वेटही (नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी धरायचा तो आकडा) दोन प्रकारचे आहेत: देशाचा आकडा काढताना राष्ट्रीय, फक्त महाराष्ट्राचा काढताना राज्याचा. नमुना टप्प्याटप्प्याने निवडलेला आहे. तो साधा यादृच्छिक धरला तर कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पल्ल्यात असावा तो पल्ला) बहुधा खोटाच अरुंद येतो. स्टाटा हे संख्याशास्त्राचं विकतचं सॉफ्टवेअर परवडत नसेल तर आर हे फुकटचं वापरा, त्यातलं ‘सर्व्हे’ पॅकेज हे सगळं सांभाळतं. एक्सेलच्या वाटेला जाऊ नका.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र नवख्याचा कस लागतो. एकेक व्हेरिएबल (डेटातला रकाना) कुठून आला हे कळायला कोडबुक (रकान्यांचे अर्थ सांगणारी यादी) आणि प्रश्नावली शेजारी उघडी ठेवून वाचावी लागते, आणि कोणता प्रश्न कोणाला विचारला नाही हे प्रश्नावलीतच सापडतं. दोन महिन्यांतले पहिले दोन आठवडे यालाच द्या. गेटवे टू ग्लोबल एजिंग या संकेतस्थळावर लासीची ‘हार्मोनाइज्ड’, म्हणजे इतर देशांच्या सर्वेक्षणांशी जुळवून घेतलेली, आवृत्ती आहे. तिच्यात बरीच साफसफाई झालेली असते आणि अमेरिकेच्या अशाच सर्वेक्षणाशी तुलना करता येते. तरी एखादा व्हेरिएबल मूळ डेटावरून स्वतः बनवून पाहिल्याशिवाय ती वापरू नये.

डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) रस असेल तर मुख्य लासी अपुरा पडतो. त्याचा उप-अभ्यास, लासी-डॅड, घ्या. त्यात साठीच्या पुढच्या ४,०९६ जणांच्या सविस्तर बौद्धिक चाचण्या आणि जवळच्या माणसाची मुलाखत आहे. त्यावरून साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं. यातल्या चाचण्या निरक्षरांनाही देता येतील अशा आहेत. आपल्या वॉर्डात लिहिता-वाचता न येणाऱ्या आजींची स्मरणशक्ती कशी तपासायची हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

या डेटात जे नाही तेही लक्षात असू द्या. सर्वेक्षण घरोघरचं आहे, त्यामुळे वृद्धाश्रमातली माणसं त्यात नाहीत. आणि एकाच फेरीवरून ‘यामुळे ते झालं’ असं म्हणता येत नाही. एकटेपणाने नैराश्य आलं की नैराश्याने माणूस एकटा पडला, याचं उत्तर इथे मिळणार नाही.

डेटावर बसण्याआधी एक दिवस मेडिसिनच्या ओपीडीत डायनामोमीटर, म्हणजे पकड मोजायचं यंत्र, घेऊन जा. वीस म्हाताऱ्या माणसांची पकड मोजा, दोन्ही हातांची, प्रत्येकी दोनदा. ‘अजून जोरात दाबा’ असं म्हटल्याने आकडा किती बदलतो ते पाहिलं की फाइलमधल्या प्रत्येक किलोकडे पाहण्याची नजरच बदलते.